नर-मादीचं पाणी आणि मीर इमादीनचं नाव

चिंचोळी एमआयडीसीजवळून जाणारा हमरस्ता पुण्याहून येतो, सोलापूर ओलांडतो आणि हैदराबादकडे निघून जातो. याच रस्त्यानं साठेक किलोमीटर गेलं की नळदुर्ग. बोरी नदीला पाणी आल्याची बातमी मोबाइलवर फिरली की आमच्या कारखान्यातली पोरं रविवारी गाड्या काढतात. एका पावसाळ्यात मीही त्यांच्याबरोबर गेलो.

नर आणि मादी असे दोन धबधबे शेजारीशेजारी कोसळत होते. तुषारांनी कपडे ओले झाले. बरोबरचा एकजण म्हणाला, "निसर्गाची काय कमाल आहे!" मी म्हटलं, "हा निसर्ग नाही, हे धरण आहे. आदिलशाहीत बांधलेलं." तो सहज म्हणाला, "तुमच्या बादशहांनी बांधलं? त्यांनी तर सगळं पाडलंच की." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. डब्यातली भाकरी आम्ही रोज वाटून खातो. शाळेत आणि मोबाइलवर जे मिळालं ते त्यानं सांगितलं, एवढंच. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं.

नळदुर्ग मुळात आदिलशहांचा नाही, हे आधी कबूल करतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या मांडलिक राजाचा इथं कोट होता. नल-दमयंतीची कथाही गावाला चिकटलेली आहे. पुढं बहमनी आले, त्यांच्यानंतर विजापूरकर. सोलापूर आणि नळदुर्ग ही विजापूर-अहमदनगरच्या भांडणातली ठाणी. ज्याच्या हातात ही ठाणी, त्याचा या टापूवर वचक. अशा सरहद्दीवरच्या किल्ल्याला वेढा पडला तर आतली माणसं जगणार कशावर? पाण्यावर. बोरीवरच्या बंधाऱ्याचा विचार करताना मला आधी हे आठवतं, बादशहाची हौस नंतर.

मुख्य किल्ला एका टेकाडावर आणि रणमंडळ समोरच्या टेकाडावर, मधून नदी. या दोन्हींच्या मध्ये दगडी भिंत घालून पाणी अडवलं. त्यामुळं किल्ल्याला पाणी मिळालं, खंदकाचं काम झालं आणि माथ्यावरून पलीकडं जायला वाटही झाली. जास्तीचं पाणी जायला दोन सांडवे ठेवले. तेच आपले नर आणि मादी.

खरी करामत भिंतीच्या पोटात आहे. जिन्यानं खाली उतरलं की पाणीमहाल लागतो. धरण भरून वाहतं तेव्हा मागं अडलेली नदी, डोक्यावरून जाणारं पाणी, सज्जासमोर पाण्याचा पडदा आणि आतला माणूस कोरडा. पाण्याचा दाब, दगडाची जोडाई, चुन्याचा दर्जा यांपैकी एक गणित चुकलं असतं तर चारशे पावसाळे निघाले नसते. आमच्याकडं शेडच्या पत्र्याला दरवर्षी जूनमध्ये डांबर फासावं लागतं!

हे काम 1613 चं. गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशहा होता. 1580 मध्ये तो जेमतेम नऊ वर्षांचा असताना गादीवर बसला आणि सुरुवातीला कारभार चाँदबीबीनं पाहिला. पुढं त्यानंच दखनीत संगीतावरचा ‘किताब-ए-नवरस’ लिहिला आणि त्याची सुरुवात सरस्वतीच्या स्तुतीनं केली. बांधणाऱ्याचं नाव मीर महंमद इमादीन. तिथल्या फारसी शिलालेखामुळं ते आपल्यापर्यंत पोचलं. पण ती लिपी आता किती जणांना वाचता येते? मलाही येत नाही. दोष फक्त दुसऱ्यांना कशाला द्यायचा? आपली पोरंही तिथं "अपना किला" म्हणून फोटो टाकतात आणि इमादीनचं नाव विचारलं की गप्प होतात. ज्या पाथरवटांनी हा काळा दगड घडवला, त्यांची नावं तर कुठंच नाहीत. ते कोणकोणत्या जातीधर्माचे होते, हे दगड पाहून कुणी सांगून दाखवावं.

नंतरचा इतिहास थोडक्यात. मोगल आले, मग निजाम. 1853 च्या तहानं हा मुलूख काही वर्षं इंग्रजांकडं गेला, तेव्हा मेडोज टेलर इथं कारभार पाहत होता. त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्ग आहे. तेव्हा जिल्ह्याचं नाव नळदुर्ग होतं, पुढं ठाणं धाराशिवला हललं. खंडोबाची मूर्ती मात्र अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत वाटून राहते. अमुक महिने इकडं, अमुक महिने तिकडं.

हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत त्या सहकाऱ्याला सांगितलं. त्यानं वाद घातला नाही, फक्त विचारलं, "भाई, काय नाव म्हणालास त्या मिस्त्रीचं?" मी पुन्हा सांगितलं. त्यानं मोबाइलमधल्या धबधब्याच्या फोटोखाली ते लिहिलं, इमादीनऐवजी इमामुद्दीन. मी दुरुस्त करून दिलं, तेवढ्यात भोंगा झाला.