३२९ डॉलर

१८७२ च्या सप्टेंबरात, अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीची धामधूम चालू असता, न्यूयॉर्कच्या ग्रँटविरोधी 'सन' पत्राने क्रेडिट मोबिलियर प्रकरण चव्हाट्यावर मांडले. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या सूत्रधारांनीच ही बांधकाम कंपनी चालविली होती. एका हाताने भरमसाट कंत्राट द्यावयाचे, दुसऱ्या हाताने घ्यावयाचे. रेल्वेला जमिनी व कर्जे सरकारची, म्हणून काँग्रेसची मर्जी राखणे प्राप्त होते. ओक्स एम्स या रिपब्लिकन सभासदाने १८६७-६८ मध्ये सहकाऱ्यांना कंपनीचे भाग स्वस्तात वाटले. काहींनी तर पदरची रोकडही दिली नाही. किंमत लाभांशातूनच वळती झाली.

डेमोक्रॅटांनी सत्ताधाऱ्यांवर झोड उठविली. यादीत बहुतेक नावे रिपब्लिकनांचीच होती, हे खरे. परंतु चौकशीत त्यांचेच ज्येष्ठ पुढारी जेम्स ब्रुक्स सापडले. हे गृहस्थ रेल्वेवर सरकारने नेमलेले संचालक, आणि भाग घेतले होते जावयाच्या नावे!

समितीने एम्स व ब्रुक्स यांच्या हकालपट्टीची शिफारस केली; प्रतिनिधिगृहाने फेब्रुवारी १८७३ मध्ये दोघांचा केवळ निषेध केला. प्रत्येक पक्षाचा एकेक बळी, म्हणजे तराजू समतोल! एम्सकडून घेणारे इतर सभासद मात्र सुटले. देणाऱ्याचा हेतू त्यांना ठाऊक नव्हता म्हणे. लाच दिली गेली, पण घेतली कोणीच नाही, असा हा अजब न्याय.

त्या सुटलेल्यांतील गारफील्ड १८८० मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्यांना मिळाल्याचे सांगितले जाणारे, व त्यांनी नाकारलेले, ३२९ डॉलर विरोधकांनी भिंतोभिंती रंगविले. गारफील्ड निवडून आले. लोकमताचे आधिक्य मात्र अगदीच निसटते होते.