मोटारीचा रंग आणि रंगाऱ्याचा श्वास

मोटारगाडीच्या इतिहासात इंजिनाचे गुणगान पुष्कळ झाले. रंगाकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींचे उत्पादन पुष्कळदा अडून राही ते रंगशाळेतच. त्या काळी घोड्याच्या बग्गीप्रमाणे मोटारीलाही कुंचल्याने तेलरंगाचे व व्हार्निशचे हात देत. एक हात वाळावा, घासावा आणि मग दुसरा द्यावा, या क्रमाने एका गाडीला तीन-चार आठवडेही लागत. या कामात शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. आपल्या परिचयाचा सफेदा आणि शेंदूर ही त्यांचीच रूपे होत. वाळलेला रंग घासताना उडणारी धूळ रंगाऱ्याच्या शरीरात जाई. पोटशूळ उठे आणि कालांतराने मनगट लुळे पडे.

या संथ धंद्याला वेग आला तो दोन निराळ्या वाटांनी आलेल्या शोधांमुळे. अमेरिकेतील टोलेडो शहरी डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८० नंतरच्या दशकात रोग्याच्या घशात औषध उडविण्याचे एक लहानसे उपकरण तयार केले होते. त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी १९०७ च्या सुमारास तेच तत्त्व रंगाला लावले आणि स्प्रे गन जन्मास आली. दुसऱ्या शोधाचा उगम मात्र दारूखान्यातला. १८४६ मध्ये बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ शनबाइन यांनी कापसावर आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस, म्हणजेच नायट्रोसेल्युलोज, तयार केला होता. पहिल्या महायुद्धात त्याचे प्रचंड उत्पादन झाले. युद्ध संपताच त्याचा शांततेच्या काळातला उपयोग शोधणे भाग पडले. १९२० मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याचे पातळ, परंतु भरपूर रंगद्रव्य पेलणारे द्रावण हाती आले. जनरल मोटर्सच्या साहाय्याने त्यातूनच 'ड्युको' हे लॅकर सिद्ध झाले, आणि १९२३ मध्ये ओकलंड मोटारीची निळी गाडी ते अंगावर लेऊन बाजारात आली. आठवड्यांचे काम तासांवर आले.

परंतु स्फोटक कापसाचा मूळ स्वभाव डब्यात भरल्याने पालटला नाही. लॅकर पातळ करणाऱ्या थिनरची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. भिंतींवर साचलेली लॅकरची कोरडी पूड तर जवसाच्या तेलाच्या रंगाशी मिसळली म्हणजे आपोआप तापून पेटू शकते. ब्रिटनमध्ये १९३४ साली सेल्युलोज द्रावणांसंबंधी स्वतंत्र नियमच करावे लागले. त्याच काळात थिनरमध्ये बेन्झिनचाही वापर होई. हाडांतील मज्जेवर, म्हणजे जेथे रक्त तयार होते तेथेच, बेन्झिनचा आघात होतो, असा इशारा ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या वैद्यकतज्ज्ञांनी दिला होता.

या मोठ्या संकटांपुढे कामातील फजिती किरकोळ वाटतील. हात जड झाला तर रंगाचे ओघळ येतात; गन दूर राहिली तर पृष्ठभाग खरखरीत होतो. मुंबईच्या पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी साय धरते, कारण थिनर उडताना पत्रा थंड पडतो आणि हवेतील बाष्प त्यावर जमते. हे दोष निदान डोळ्यांना दिसतात. घासून पुन्हा रंग दिला की भागते.

यापुढचा धोका मात्र डोळ्यांना दिसेना. जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचे रसायन शोधून काढले आणि पुढे त्यापासून दोन घटकांचे, अत्यंत टणक व चमकदार रंग निघाले. त्यांतील आयसोसायनेटमुळे कामगारांना दमा जडतो, अशी पहिली नोंद १९५१ मध्ये फ्रान्समधून प्रसिद्ध झाली. घातक प्रमाणातही त्याचा वास येत नाही. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरले की पुढे अल्पशा स्पर्शानेही धाप लागते, आणि कित्येकांना धंदाच सोडावा लागतो. फवारा थांबल्यावर रंग कसा उठला ते पाहण्यासाठी कारागीर सहज मुखवटा वर करतो. नेमक्या त्याच क्षणी न दिसणारे तुषार हवेत तरंगत असतात.

१९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एकंदर रंगाऱ्याच्या व्यवसायाचीच गणना कर्करोगकारक व्यवसायांत केली. भारताने २०१६ मध्ये रंगातील शिशावर दहा लाख भागांस ९० भाग अशी मर्यादा घातली. पण ते नियम घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी होते.

उपाय अज्ञात आहेत असे नाही. बंदिस्त खोली, हवा खेचून घेणारे पंखे आणि स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा, एवढी सामग्री पुरेशी असते. मोठ्या कारखान्यांत ती आली. पुढे यंत्रमानवांनी रंगाऱ्याचा हातही सोडविला. परंतु ठोकर लागलेली गाडी दुरुस्त होते ती गल्लीतल्या गॅरेजमध्ये, आणि तेथे पुष्कळदा तोंडाला बांधलेला रुमाल हेच काय ते संरक्षण असते. रुमाल धूळ थोडीफार अडवतो. वाफ अडवीत नाही. गाडीचा मालक रंगाची चकाकी हात फिरवून पारखून घेतो. तो रंग देणाऱ्याच्या तोंडावर काय होते, हेही त्याने तितक्याच बारकाईने पाहावयास हवे.