मोरीचा कठडा आणि चाकाची खुर्ची

मराठी घरात अंघोळीची आणि शौचाची जागा फार काळ वेगवेगळी होती. वाड्यात न्हाणीघर मागच्या सोप्याला, विहिरीच्या किंवा हौदाच्या जवळ असे. टोपलीचा संडास परसाच्या टोकाला. पायऱ्या उतरून तिथवर जायचे आणि ओल्या दगडावर उकिडवे बसायचे. ज्याचे गुडघे वाकत नाहीत किंवा पाय लुळा आहे, त्याला हे कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेतल्याशिवाय जमत नसे. घरोघरी त्यावर तोडगे निघत: पाटाऐवजी चौरंग, धरायला तुळईला बांधलेली दोरी, सुताराकडून बैठकीला भोक पाडून घेतलेली खुर्ची आणि तिच्याखाली बादली. ती बादली रिकामी करण्याचे काम बहुधा घरातल्या बायकांवर पडे, आणि त्याची दखल क्वचितच कुणी घेतली.

मुंबईच्या चाळींनी घर आणखी आखडले. 1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत सुमारे 160 चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास, असा हिशेब होता. चाळीच्या खोलीत मोरी कोपऱ्यात असे. तिचे पाणी खोलीभर पसरू नये म्हणून बांधलेला कठडा पाण्यासाठी योग्यच होता, पण पोलिओने पाय गेलेल्या आणि हातांवर सरकत फिरणाऱ्या मुलाला तो रोज ओलांडावा लागे. रांगेतल्या संडासाचे तर विचारूच नये.

स्वतंत्र ब्लॉक आले तेव्हा संडास घरात आला. कमोडमुळे उकिडवे बसणे टळले, हा अपंगांच्या दृष्टीने खरा मोठा बदल होता. पण खडबडीत शहाबादी फरशीच्या जागी गुळगुळीत लाद्या बसल्या. न्हाणीघराचा स्लॅब खाली घेऊन त्यात पाइप टाकण्याची पद्धत रूढ झाल्यावर जमीन सपाट ठेवणे शक्य होते. तरीही दारातला उंबरा सवयीने राहिला.

पुनर्वसनाचा विचार तोवर सुरू झाला होता. मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 ची आहे. अपंगांसाठीचा कायदा मात्र 1995 मध्ये आला. त्याच्या कलम 46 ने चाकाच्या खुर्चीसाठी शौचालयांत बदल करण्याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकली, तीही आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. केंद्राच्या 2004 च्या नमुना इमारत उपविधींनी मापे दिली: खोली 1500 × 1750 मिलिमीटर, बाहेर उघडणारे 900 मिलिमीटरचे दार, भिंतीपासून 50 मिलिमीटर अंतरावर धरायचे दांडे. हे नियम निवासी घरांना लागू नाहीत, असेही तिथेच लिहिले होते. त्याच उपविधींनी खुर्चीची रुंदी 750 मिलिमीटर धरली होती, आणि महाराष्ट्रातल्या विकास नियमावल्या न्हाणीघराचे दार किमान 75 सेंटीमीटर असले तरी चालवून घेत. म्हणजे नियमानुसार बांधलेल्या घरात खुर्ची चौकटीतच अडकायची.

अमेरिकेच्या 1988 च्या गृहनिर्माण कायद्याने, चार किंवा अधिक घरांच्या नव्या इमारतींत, पुढे दांडे बसवता यावेत म्हणून न्हाणीघराच्या भिंती आधीच मजबूत ठेवायला लावल्या. आपल्याकडे भिंत उभी राहिल्यावर विचार होतो. अर्ध्या विटेच्या भिंतीत साध्या स्क्रूवर बसवलेला दांडा माणसाच्या पूर्ण भाराने उपटून येऊ शकतो, म्हणून आरपार बोल्ट टाकून मागे पत्रा द्यावा लागतो. उंबरा फोडून जमिनीचा उतार जाळीकडे नव्याने काढावा लागतो. दार बाहेरच्या बाजूला उघडेल असे फिरवावे लागते. आपल्याकडच्या 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने सुगम्यतेची व्याप्ती खूप वाढवली, तरी राहत्या घरातली ही कामे आणि त्यांचा खर्च अजून बहुतांशी कुटुंबाकडेच आहे.