कौलाचा थंडावा कुणाचा?

कौलारू घर थंडगार असते, हे आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. महाराष्ट्राचा नकाशा मात्र वेगळेच सांगतो. कौल हे उन्हावरचे औषध असते, तर ऊन जिथे सर्वांत कडक तिथे ते सर्वांत जास्त दिसायला हवे होते. सोलापूर-बीडकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि तिथली जुनी घरे आहेत माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर काटक्या आणि पाला, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे सपाट छत. उलट रत्नागिरीत पारा ३३-३४ अंशांच्या फारसा पुढे जात नाही, आणि तिथे गावेच्या गावे कौलारू. फरक पावसात आहे. सोलापूरला वर्षाला कसाबसा ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीला ३००० मिलिमीटरच्या वर. त्या पावसात माळवद एक आषाढही काढणार नाही. म्हणजे कौल मुळात पावसाचे. त्याला थंडाव्याची कीर्ती मिळाली ती वेगळ्या वाटेने, आणि त्या कीर्तीतला मोठा वाटा कौलाचा नसून त्याच्याखालच्या छपराचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप विदर्भातून येईल. नागपूर-भंडाऱ्याकडे ऊन सोलापूरपेक्षाही कडक, तरी घरांवर कवेलू आहेतच. खरे आहे, पण तिथे पाऊसही सोलापूरच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय उन्हाळ्याच्या रात्री त्या घरांतली माणसे खाटा काढून अंगणात झोपत, हे विसरून चालणार नाही. छप्पर थंड होते की नाही, याची परीक्षा रात्री होते. माळवदाचा जाड थर दिवसभर ऊन पोटात साठवतो आणि ते उशिरा खाली सोडतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांच्या आसपास फरक पडतो, म्हणून तो उशीर उपयोगी पडतो. कोकणात हा फरक सहा-सात अंशांचा. तिथे साठवलेले ऊन रात्रीही टाकता येत नाही. दमट हवेत हवे ते हलके, लवकर निवणारे आणि वारा खेळू देणारे छप्पर. गवताने किंवा झापांनी शाकारलेले छप्पर या कामी कौलापेक्षा सरसच होते, पण ते दर एक-दोन वर्षांनी बदलावे लागे आणि त्याला आगीचे भय होते.

गवतानंतर आले ते नळीचे कौल. कुंभाराने चाकावर नळी काढायची, ती उभी चिरून दोन अर्धगोल करायचे आणि भाजायचे. छपरावर एक रांग उताणी, दोन उताण्यांच्या सांध्यावर एक पालथी. पाणी उताण्यांतून वाहत वळचणीला येते. या रचनेला ना खिळा, ना खाच. कौल आपल्या वजनावर आणि शेजाऱ्याच्या आधारावर पडून असते. म्हणूनच उतार फार तीव्र ठेवला तर ते घसरते आणि फार कमी ठेवला तर पाणी मागे फिरते. मात्र उताण्या-पालथ्या थरांमध्ये हवेच्या कितीतरी पोकळ्या राहतात. वरचे कौल तापते, खालचे त्याच्या सावलीत असते आणि मधली गरम हवा फटींमधून वर निघून जाते. थंडाव्याची कीर्ती खऱ्या अर्थाने कमावली ती या कौलाने. त्याची किंमतही होती. वाऱ्याने, मांजराने, वानरांनी कौले हलत, आणि मृग लागण्याआधी सगळे छप्पर उतरवून, फुटकी काढून पुन्हा रचावे लागे. शाकारणी हा शब्द गवताकडून कौलाकडे आला, कारण काम तेच राहिले.

हे गणित बदलले मंगळुरात. बासेल मिशनचे पाद्री १८३४ साली तिथे आले. धर्मांतरानंतर जातीचा धंदा आणि आसरा गमावलेल्यांना काम द्यायला हवे, म्हणून मिशनने विणकाम, छपाई असे उद्योग काढले, आणि १८६५ साली जेप्पू येथे नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना सुरू झाला. तो उभारणाऱ्या जॉर्ज प्लेब्स्टने नमुना घेतला तो फ्रान्समधल्या आल्सास प्रांतातल्या गिलार्दोनी बंधूंच्या कौलाचा. त्या बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले होते. म्हणजे ज्याला आपण अस्सल किनारपट्टीचे कौल समजतो त्याचे माहेर बर्फ पडणाऱ्या मुलखात आहे, आणि उन्हाचा विचार त्याच्या जन्मात कुठेच नाही. तीनच वर्षांनी मंगळुरातच अल्बुकर्क यांचा कारखाना निघाला, आणि पुढे नेत्रावती-गुरुपूर नद्यांच्या गाळाच्या मातीवर कौलांचा मोठा धंदा उभा राहिला. पत्तेमाऱ्या ही कौले भरून कोकणच्या बंदरांना, मुंबईला आणि थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत नेत. (मिशनच्या कौलांवर १८६५ हा आकडा छापलेला असतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा. कित्येक घरमालक तोच आपल्या घराचा जन्म समजतात.)

हे कौल जिंकले ते का? साहेबाच्या बांधकाम खात्याने ते उचलून धरले म्हणून, असे एक उत्तर दिले जाते. सरकारी इमारतींपुरते ते ठीक आहे, पण बंदरापासून दूरच्या वाडीतल्या शेतकऱ्याने पदरचे पैसे मोडून ते का घेतले, हे त्यातून कळत नाही. उत्तर कौलाच्या अंगावरच आहे. कडेला आणि डोक्याला खाचा, पोटाखाली रिपेला अडकणारे नाक. कौल घसरत नाही, म्हणून उतार हवा तेवढा तीव्र ठेवता येतो आणि पाणी झपाट्याने ओघळते. चौरस मीटरला साधारण १५ कौले पुरतात, एकच थर पडतो, छप्पर हलके होते आणि वर्षाचे परतणे टळते. अट एकच, रिपा सरळ आणि ठरल्या अंतरावर हव्यात. नळीच्या कौलाला वाकडातिकडा बांबूही चाले, याला करवतीचे लाकूड आणि सुतार लागतो. कुंभाराचे काम गेले, सुताराचे वाढले.

आणखी एक पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे १९०५ नंतर प्लेगच्या संशोधकांनी तिथे प्रयोगासाठी लहान घरे बांधली. काहींवर गावठी कौले, काहींवर मंगलोरी, आणि आत गिनीपिग. गावठी कौलांच्या पोकळ्यांत उंदीर बिनधास्त राहत, मंगलोरीखाली त्यांना तसा आसरा मिळेना, आणि पिसवांमार्फत रोग कसा पसरतो ते या प्रयोगांतून उलगडले. इथे माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू दिसते. ज्या पोकळ्यांत उंदीर राहत होते त्याच पोकळ्या घर थंड ठेवत होत्या. मंगलोरी कौलाने उंदरांची सोय काढली आणि थंडाव्याची सोयही बरीचशी काढली.

हे तेव्हाच्या बांधणाऱ्यांना कळत होते, असे मानायला जागा आहे. मिशनच्या कारखान्यांतून छपराची कौले निघत तशीच त्यांच्याखाली घालायची सपाट कौलेही निघत. गेलेला दुसरा थर आणि मधली हवा अशी परत आणली जाई. कोकणात तेच काम माळ्याने केले. आढे उंच, खाली लाकडी माळा, त्यावर वर्षाचे सामानसुमान. छपराची धग माळ्यावर अडकते, कौलांच्या सांध्यांतून आणि वळचणीखालून बाहेर पडते आणि माजघरापर्यंत फारशी पोचत नाही. सभोवारच्या पडव्या भिंतींना ऊन लागू देत नाहीत. लोक बोट दाखवत कौलाकडे, पण काम करत होती ही सगळी मंडळी.

म्हणून आजची एक पद्धत मला उलटी वाटते. सिमेंटचा उतरता स्लॅब ओतायचा आणि त्यावर मसाल्यात मंगलोरी कौले चिकटवायची. तिचे समर्थन असे की गळत नाही, वानरांचे भय नाही, आणि स्लॅबला सावली मिळते. पहिली दोन कारणे पुरती खरी आहेत. कोकणात वानरांच्या जाचाने लोकांनी कौले उतरवून पत्रे घातले, तिथे या कारणांना हसण्यात अर्थ नाही. सावलीचे मात्र खरे नाही, कारण चिकटलेल्या कौलाखाली वारा नाही. ते तापले की स्लॅब तापतो, आणि तो स्लॅब दमट रात्रभर माळवदासारखा निवत बसतो. स्लॅबवर रिपा ठोकून कौल चार बोटे वर उचलले, वळचणीला आणि आढ्याला हवेची वाट ठेवली, तर गळतीची काळजी न वाढता जुन्या छपराचा गुण बराचसा परत येतो. खर्च थोडा वाढतो आणि गवंड्याच्या जोडीला सुतार बोलवावा लागतो, म्हणून ते क्वचितच होते. दरम्यान मातीची आणि भट्टीच्या जळणाची टंचाई, आणि स्लॅबची चलती, यांनी मंगळुरातले बरेच कारखाने बंद पडले. जुने घर पाडले की त्याची कौले आता दुसऱ्या कुणीतरी मोजून घेऊन जाते.