दिनविशेष : ३० ऑगस्ट – ‘व्हर्लपूल’ नावाचा निकाल (१९९६)

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत ज्या व्हर्लपूलचे फ्रिज बनतात, त्या नावाच्या वादात १९९६ मध्ये आजच्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. नूतनीकरण न झाल्याने अमेरिकी कंपनीची भारतातली ट्रेडमार्क नोंदणी १९७७ मध्ये संपली होती. डोंगरे आणि इतरांनी १९८६ मध्ये वॉशिंग मशिनसाठी त्याच नावाचा अर्ज केला आणि त्यांना नोंदणी मिळालीही! तरीही त्यांच्याविरुद्धचा तात्पुरता मनाई हुकूम न्यायालयाने कायम ठेवला. परदेशी मासिकांतल्या जाहिरातींतून कंपनीचा लौकिक इथे पोचला होता आणि ग्राहकाची फसगत होऊ देणे न्यायालयाला मान्य नव्हते. ही भूमिका रास्तच होती. ‘डोंगरे विरुद्ध व्हर्लपूल’ हा खटला ट्रेडमार्कच्या वादांत आजही आधार म्हणून दिला जातो.