लुप्त अंशाची पुनर्घटना : डिस्क-समूहांच्या इतिहासातून

इतिहासाची साधने कसर, वाळवी आणि आग यांमुळेच नष्ट होतात, असा आपला जुना अनुभव आहे. आता दप्तरे संगणकाच्या डिस्कवर साठविली जात असल्यामुळे, डिस्क निकामी झाल्यावर गेलेला अंश परत कसा मिळतो, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकालाही टाळता येणार नाही.

1956 साली आय.बी.एम. कंपनीने ‘रॅमॅक’ हे यंत्र आणले. त्यातील 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्यांवर सुमारे 50 लक्ष अक्षरे मावत. 1978 साली त्याच कंपनीतील नॉर्मन ऊची यांना, बंद पडलेल्या घटकातील मजकूर उरलेल्या घटकांवरून मिळविण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. पुढे 1988 साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांच्या समूहाचे पाच प्रकार मांडले व ‘रेड’ हे नाव रूढ झाले. डिस्क जितक्या अधिक, तितकी एखादी बिघडण्याची शक्यताही अधिक. म्हणून मूळ मजकुराबरोबर एक जादा नोंद ठेवणे अवश्य ठरले.

या जादा नोंदीचे मर्म नागपूरजवळील खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तेथे 210 मेगावॅटचे चार व 500 मेगावॅटचा एक असे पाच वीजसंच उभारले गेले. समजा, एका वहीत पाचही संचांची दैनिक निर्मिती व शेवटी एकूण बेरीज लिहिली आहे. एक रकाना वाळवीने खाल्ला, तर बेरजेतून उरलेले चार आकडे वजा करून तो भरता येईल. दोन रकाने गेले, तर मात्र दोहोंची मिळून बेरीज तेवढी कळेल. ‘पॅरिटी’ ही अशाच जातीची नोंद होय. फरक इतकाच की, ती 0 व 1 या अंकांवरून काढतात. पाचव्या प्रकारात ती सर्व डिस्कांवर आळीपाळीने विभागलेली असते.

खरा धोका एक डिस्क गेल्यानंतर सुरू होतो. पुनर्घटनेसाठी उरलेली प्रत्येक डिस्क साद्यंत वाचावी लागते. त्या बहुधा समवयस्क असतात; दुसरी बिघडली की मार्ग खुंटतो. डिस्कांची धारणक्षमता वाढली तसा या कामाचा काळही लांबला. म्हणून सहाव्या प्रकारात दुसरी, वेगळ्या गणिताची नोंद आली. तिच्यासाठी रीड व सॉलोमन यांची 1960 सालची संकेतपद्धती उपयोगी पडली.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात अनेक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तेथे निर्णय संपादकाच्या विवेकाचा होता. येथे तो गणिताचा आहे. परंतु मूळ साधनावर खाडाखोड करू नये, हा नियम दोन्हीकडे सारखाच. विस्कळीत समूहातील प्रत्येक डिस्कची प्रथम जशीच्या तशी प्रत घ्यावी, डिस्कांचा क्रम टिपून ठेवावा आणि प्रयोग प्रतींवरच करावेत. क्रम चुकवून केलेली पुनर्घटना शिल्लक मजकुरावरही चुकीचे अंक लिहिते.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. चुकून पुसलेले दप्तर पॅरिटी परत देत नाही. पुसल्यानंतरची स्थितीच ती इमानाने राखते. तात्पर्य, डिस्क-समूह हा दप्तराचा खोळंबा टाळतो. दप्तराचे रक्षण अन्यत्र ठेवलेली स्वतंत्र प्रतच करू शकते.