सेविका फिबी आणि आपली धर्मग्राम परिषद

जब्दीच्या पुत्रांनी प्रभू येशूकडे मानाच्या जागा मागितल्या, तेव्हा प्रभूने शिष्यांना नेतृत्वाचा वेगळाच अर्थ सांगितला. इतर अधिपती सत्ता गाजवतात. शिष्यांमध्ये मात्र ज्याला पहिले व्हायचे असेल त्याने सर्वांचा दास व्हावे (मार्क 10:42-45). अमेरिकन लेखक रॉबर्ट ग्रीनलीफ ह्यांनी 1970 साली 'सेवक-नेतृत्व' ही संज्ञा व्यवस्थापनाच्या क्षेत्रात आणली. ख्रिस्तसभेला ती कल्पना शुभवर्तमानातून आधीच लाभलेली होती.

ह्या नेतृत्वाचे एक स्त्रीरूप संत पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात भेटते. सोळाव्या अध्यायाच्या आरंभी तो फिबी ह्या भगिनीची शिफारस करतो. करिंथ शहराचे पूर्वेकडील बंदर असलेल्या किंख्रिया येथील ख्रिस्ती मंडळीची ती 'दियाकोनोस', म्हणजे सेविका होती. पौल स्वतःलाही हाच ग्रीक शब्द लावतो. शिवाय ती अनेकांची व खुद्द पौलाचीही आश्रयदाती होती. हे पत्र तिनेच रोमला पोहोचवले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्या कानांना 'सेवक' म्हटले की अधिकारी आठवतो आणि 'सेविका' म्हटले की वेदीवरची फुले आठवतात, हा दोष पौलाचा नव्हे.

इथेच खरा प्रश्न आहे. धर्मशिक्षणाचे वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, सणांची तयारी ह्यांचा भार बहुतांशी भगिनी वाहतात. सेवा त्यांची आणि निर्णय इतरांचा, अशी विभागणी झाली की सेवक-नेतृत्वातील 'नेतृत्व' गळून पडते व उरते ती केवळ राबणूक. सेवेची स्तुती करून निर्णयातला वाटा नाकारणे हे शुभवर्तमानाला धरून नाही, असे आम्हांला वाटते.

ख्रिस्तसभेचा कायदा ह्या बाबतीत आपल्या सवयींच्या पुढे आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील कलम 537 नुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे, आणि तिचे सदस्य 'श्रद्धावंत' असावेत एवढेच म्हटले आहे. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. धर्मग्राम परिषदेविषयीचे कलम 536 ही असा भेद करीत नाही. (परिषदेचे मत सल्ल्यापुरते असते, हे पुरुष सदस्यांनाही लागू आहे.)

अलीकडच्या काळात दारे अधिक उघडली. जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी वाचक व वेदीसेवक ही पदे कायमस्वरूपी सेवापदे म्हणून स्त्रियांना खुली केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचे सेवापद स्थापन केले. ऑक्टोबर 2023 च्या सिनोदमध्ये स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. जानेवारी 2025 मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला ह्यांची व्रतस्थांच्या विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. व्हॅटिकनच्या अशा विभागाच्या प्रमुखपदी येणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याच वर्षी 1 मार्चपासून सिस्टर राफाएल्ला पेत्रीनी ह्यांनी व्हॅटिकन नगरराज्याच्या प्रशासनाची धुरा हाती घेतली. गुरुदीक्षा पुरुषांसाठीच आहे, ही शिकवण पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी 1994 मध्ये निश्चितपणे मांडली. पण अंदाजपत्रक तपासण्यास किंवा परिषदेत बोलण्यास गुरुदीक्षा लागत नाही.

म्हणून समितीची नवी नावे ठरतील तेव्हा भगिनींची नावे सुचवावीत. केवळ महिला मंडळाची प्रतिनिधी म्हणून एकच जागा नको, हिशेब जाणणारी, शिक्षिका, परिचारिका अशा गुणांवर निवड व्हावी. बैठकीची वेळही पाहावी. रात्री आठला बैठक ठेवली, तर त्या वेळी घरोघरी चुलीपाशी कोण असते ते आपण जाणतोच. मग 'बोलावले पण त्या आल्या नाहीत' अशी नोंद इतिवृत्तात करण्यात अर्थ नाही.